‘कॅमेरे बसवा’ म्हणण्याआधी हे समजून घेऊ

पुतळ्याची विटंबना झाली की दुसऱ्या दिवशी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात जाणाऱ्या निवेदनात तीन मागण्या ठरलेल्या असतात. आरोपीला अटक करा, त्यामागचा सूत्रधार शोधा आणि परिसरात सीसीटीव्ही बसवा. तिसरी मागणी चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. रात्रीच्या अंधारात येऊन काम उरकणाऱ्यांना कॅमेऱ्याची भीती वाटते, हे खरे आहे. पण ज्या कॅमेऱ्याची आपण मागणी करतो, तो आता पूर्वीचा राहिलेला नाही. पूर्वीचा कॅमेरा फक्त नोंद ठेवायचा आणि काही घडले तर माणूस बसून ती नोंद पाहायचा. आताचा कॅमेरा स्वतः पाहतो, हालचाल ओळखतो, ती नेहमीची आहे की वेगळी हे ठरवतो आणि नियंत्रण कक्षाला सूचना पाठवतो. हे काम ‘डीप लर्निंग’ नावाचे तंत्र करते. ते कसे चालते हे चळवळीतल्या तरुणांना माहीत असायला हवे, कारण रस्त्यावर उतरणाऱ्या समाजाचा या यंत्राशी रोजचा संबंध येणार आहे.

परभणीपासून सुरुवात करू. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. विटंबना करणाऱ्याला लोकांनीच जागेवर पकडून पोलिसांच्या हवाली केले, कॅमेऱ्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. विधिमंडळात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, सीसीटीव्हीच्या चित्रीकरणात मारहाण दिसत नाही. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण लिहिलेले होते. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आईच्या याचिकेवर ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तिथेही सरकारच्या पदरी काही पडले नाही.

म्हणजे कॅमेरा होता, चित्रीकरण होते, पण त्यात काय दिसते हे सर्वांत आधी सांगण्याचा मान सत्तेकडे होता. आता हे सांगण्याचे काम यंत्राकडे गेले, तर प्रश्न सुटेल की आणखी अवघड होईल?

हालचाल ओळखण्याची जुनी पद्धत सोपी होती. रिकाम्या जागेचे एक चित्र यंत्र मनात धरून ठेवते. नंतर येणारी प्रत्येक फ्रेम त्या चित्राशी ताडून पाहते आणि जिथे पिक्सेल बदलला तिथे काहीतरी हलले असे मानते. अडचण अशी की जगात हलणारी प्रत्येक गोष्ट कामाची नसते. झाडाच्या फांद्या हलतात, ढग सरकले की सावली सरकते, पाऊस पडतो. चौकात लावलेले निळे झेंडे आणि पंचशील ध्वज दिवसभर फडफडतात, आणि अशा यंत्राच्या दृष्टीने तिथे दिवसभर कोणीतरी ये-जा करत असते. १९९९ मध्ये स्टॉफर आणि ग्रिमसन या संशोधकांनी यावर एक चांगला तोडगा काढला. प्रत्येक पिक्सेलची एकच ‘रिकामी’ अवस्था न धरता त्याच्या अनेक संभाव्य अवस्था धरायच्या. मग झेंड्याचा निळा रंग आणि त्यामागचे आभाळ, दोन्ही पार्श्वभूमीत जमा होतात. पुढची बरीच वर्षे ही पद्धत आणि तिची भावंडे जगभर चालली.

या पद्धतीचा एक गुण आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती सतत नवे शिकत असते, त्यामुळे एखादी गोष्ट बराच वेळ स्थिर राहिली की ती हळूहळू पार्श्वभूमीत विरघळते. उभी केलेली गाडी, ठेवलेली पिशवी आणि न हलता बसलेला माणूसही. आझाद मैदानावर चार तास शांत बसलेला धरणेकरी यंत्राच्या हिशेबात जमिनीचा भाग होतो. उठून घोषणा दिली की पुन्हा ‘दिसतो’. मैदानात याने फारसे बिघडत नाही. पण डीव्हीआरची हार्ड डिस्क लवकर भरू नये म्हणून अनेक ठिकाणी हालचाल असेल तेव्हाच चित्रीकरण सुरू होईल अशी सेटिंग करतात. तीच सेटिंग कोठडीच्या कॅमेऱ्याला असेल, तर कोपऱ्यात निपचित पडलेल्या माणसाचे चित्रीकरणच होणार नाही. नंतर तिथे ‘काही दिसत नाही’ असे सांगणारा अधिकारी तांत्रिकदृष्ट्या खोटेही बोलत नसेल.

डीप लर्निंग आले ते साधारण २०१६ नंतर. यात नियम माणूस लिहून देत नाही. हजारो चित्रे आणि त्यातला कोणता भाग हलणारा आहे याची उत्तरे यंत्राला दाखवतात आणि ते स्वतःच खुणा शिकते. निकाल चकित करणारे होते. या विषयात ‘सीडीनेट २०१४’ नावाचा एक चाचणी-संच जगभर वापरतात. त्यात ५३ व्हिडिओ आणि ११ प्रकार आहेत. खराब हवामान, रात्र, सावली, हलणारा कॅमेरा वगैरे. पूर्ण अचूकतेला १ गुण धरले, तर ‘एफजीसेगनेट’सारख्या प्रणालीने ०.९८ च्या आसपास गुण मिळवले. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ‘९८ टक्के अचूक’ असे आकडे येतात ते अशाच चाचण्यांतून.

पण इथे एक मेख आहे. ज्या व्हिडिओवर परीक्षा, त्याच व्हिडिओच्या काही फ्रेम यंत्राला आधी शिकवलेल्या होत्या. पेपर फुटलेल्या परीक्षेसारखेच हे. २०२० मध्ये ‘बीएसयूव्ही-नेट’ या कामाच्या संशोधकांनी हीच प्रणाली तिने कधीही न पाहिलेल्या व्हिडिओंवर चालवून पाहिली, तेव्हा तिचे गुण ०.४ च्याही खाली घसरले. एका चौकात शिकलेले यंत्र दुसऱ्या चौकात गोंधळते. नव्या पद्धतींनी ही दरी बरीच भरून काढली आहे, हे मान्य करायला हवे. तरीही आपल्या शहरातल्या निविदेत ‘९८ टक्के’ लिहिलेले दिसले, तर हे आकडे कोणत्या रस्त्यावरचे, कोणत्या प्रकाशातले आणि कोणत्या गर्दीतले, हा पहिला प्रश्न विचारायचा.

हालचाल ओळखणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी म्हणजे ती हालचाल ‘नेहमीची’ की ‘वेगळी’ हे ठरवणे. आमचा खरा आक्षेप इथून सुरू होतो.

‘वेगळे’ ओळखायला शिकवण्यासाठी संशोधक काही व्हिडिओ-संच वापरतात. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या विद्यापीठाचा एक जुना आणि प्रसिद्ध संच आहे, विद्यापीठाच्या आवारातल्या पायवाटेचा. तिथे पायी चालणारे लोक नेहमीचे. सायकलवाला, स्केटिंग करणारा, हिरवळीवरून चालणारा, हे सगळे ‘वेगळे’. त्यात काही ठिकाणी व्हीलचेअरवरचा माणूसही ‘वेगळ्या’त मोडतो. कोणाच्या मनात दिव्यांगांविषयी वाईट नव्हते. त्या पायवाटेवर व्हीलचेअर कमी दिसायची एवढेच. हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या दुसऱ्या एका संचात पळणे, वस्तू फेकणे आणि रेंगाळणे हे ‘वेगळे’ ठरले आहे. (भिक्खूंचे चंक्रमण, म्हणजे त्याच त्या वाटेवर सावकाश ये-जा करणे, या यंत्राला दाखवले तर ते रेंगाळणेच म्हणेल.) २०१८ चा ‘यूसीएफ-क्राइम’ हा संच सर्वांत गाजलेला. १९०० व्हिडिओ, १२८ तास, गुन्हे आणि दुर्घटनांचे १३ प्रकार. त्यात मारहाण, जाळपोळ, चोरी यांच्या रांगेत ‘अटक’ हाही एक प्रकार आहे. पोलीस एखाद्याला धरून नेत असल्याचे दृश्य यंत्राला गुन्ह्याच्या यादीत बसवून शिकवले जाते. अटक झालेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आंदोलनात गाडीत कोंबलेले आपले किती कार्यकर्ते पुढे निर्दोष सुटले, ते ज्याचे त्याला आठवत असेल.

सारांशाने पाहिले तर यंत्र ‘जे जास्त वेळा दिसते ते ठीक, जे कमी वेळा दिसते ते संशयास्पद’ असे शिकते. बहुसंख्येची सवय हाच नियम होतो. आता हे आपल्या वर्षाशी जुळवून पाहा. चौदा एप्रिलची रात्र, सहा डिसेंबरला दादरच्या स्थानकावरून चैत्यभूमीकडे निघालेला जनसागर, एक जानेवारीचा विजयस्तंभ, अशोक विजयादशमीची दीक्षाभूमी. वर्षातून एकदा एका ठिकाणी प्रचंड गर्दी, रात्रभर जागणारी, घोषणा देणारी. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात लोक उतरले आणि सरकारला काम थांबवावे लागले. ३६४ दिवसांच्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला हा दिवस कसा दिसेल? दुर्मीळ, दाट आणि वेगवान. म्हणजे लाल खूण. उरलेल्या ३६४ दिवसांत त्या वस्तीला पाणी मिळते की नाही, याची खूण कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

जनसमूहाला धोका म्हणून पाहण्याची सवय यंत्राने आणलेली नाही, ती जुनी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे कारण तेव्हा पुढे केले गेले. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये फौजदार मनोहर कदम यांना जन्मठेप झाली. बारा वर्षे गेली यात. उद्या अशाच प्रसंगी ‘आमच्या प्रणालीने आक्रमक हालचाल दाखवली होती’ असे कारण पुढे आले, तर ते खोडून काढायला आपल्याकडे काय असेल? गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याची उलटतपासणी घेता येते, सॉफ्टवेअरची कशी घ्यायची?

तिसरी पायरी चेहऱ्याची. हालचाल दिसली, माणूस ओळखला, कॅमेऱ्यामागून कॅमेऱ्यात त्याचा माग काढला की शेवटी चेहरा साठवलेल्या छायाचित्रांशी ताडला जातो. दिल्लीच्या २०२० च्या दंगलीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते की, सॉफ्टवेअरच्या साह्याने ११०० हून अधिक लोक ओळखले गेले. पुढे इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनला माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून कळले की, दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य असले तरी ‘जुळले’ असे धरतात. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीच्या २०२१ च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. दिल्लीत पोलीस ठाणी आणि कॅमेरे जिथे दाट आहेत, तिथे हे तंत्र वापरले तर त्याचा भार मुस्लिमांवर जास्त पडण्याची शक्यता आहे. यंत्राचा कोणाशी द्वेष असण्याची गरज नाही. कॅमेरा कुठे लावला एवढ्याने काम भागते. आणि ताडून पाहण्याच्या यादीत कोणाचे फोटो आहेत? १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, पण पोलीस ठाण्याच्या नोंदवह्यांतून त्या सुटल्या नाहीत. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीच्या एका प्रकरणात सांगावे लागले की, मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध लोकांची नावे ‘हिस्ट्री शीट’मध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत. जुन्या वहीतली जात नव्या यंत्रात अशीच उतरते.

महाराष्ट्रात हे सगळे दूरचे राहिलेले नाही. २६/११ नंतर मुंबईत उभे राहिलेले सीसीटीव्हीचे जाळे २०१६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा कॅमेऱ्यांची संख्या साडेचार हजारांच्या वर होती. २०२४ मध्ये राज्याने पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी उभी केली. कायद्याची बाजू मात्र लंगडी आहे. २०१७ मध्ये पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र कलम १७ खाली केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देण्याची मुभा देतो. वर याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधली सार्वजनिक हिताची अटही काढून टाकली. आपली माहिती त्यांच्यासाठी उघडी आणि त्यांची आपल्यासाठी बंद, असा हा सौदा आहे.

दुसरीकडे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी फ्रान्सने अशी यंत्रे वापरली, पण त्याआधी २०२३ मध्ये कायदा केला. यंत्राने कोणत्या आठ घटना शोधायच्या त्याची यादी ठरवली: बेवारस वस्तू, शस्त्र, उलट दिशेने येणारे वाहन, बंदी असलेल्या जागेत प्रवेश, जमिनीवर पडलेला माणूस, गर्दीची दाटी, गर्दीची अचानक हालचाल, आग. चेहरा ओळखायला बंदी घातली आणि स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचे केले. तिथल्या हक्कवाद्यांचा यालाही विरोध होता, आणि त्यात तथ्य आहे. पण मूल्यमापनामुळे खरी माहिती बाहेर आली. बंद जागेत शिरलेला माणूस किंवा उलट दिशेची गाडी यंत्राला बऱ्यापैकी कळली. बेवारस सामान, पडलेला माणूस आणि गर्दीची दाटी यांत ते अडखळले.

आपल्याकडे प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात अडीच हजारांहून अधिक कॅमेरे होते, त्यातले काही शेकडा एआयचे. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारने ३० मृत्यू जाहीर केले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीच्या नियोजनात ‘एआय कॅमेरे लावले आहेत’ एवढ्या उत्तरावर आपल्या संघटनांनी समाधान मानू नये. दाटी दिसल्यावर कोणता रस्ता कोण उघडणार आणि किती मिनिटांत, ते विचारावे.

मग पुतळ्याजवळच्या कॅमेऱ्याचे काय करायचे? आमचे मत असे की मागणी करावी, पण नेमकी करावी. पुतळ्याभोवतीची चौकट ठरवून तिच्या आत रात्री कोणी शिरले तर सूचना मिळावी, एवढेच काम यंत्राला द्यावे. हे काम यंत्राला चांगले जमते, हे वर आलेच आहे. त्यासाठी चेहरा ओळखण्याची गरज नाही, आणि कॅमेऱ्याचे तोंड वस्तीच्या दारांकडे, विहाराच्या प्रवेशाकडे किंवा बैठकीच्या कट्ट्याकडे असण्याचीही नाही. यंत्राने शोधायच्या घटनांची यादी लेखी मागावी आणि ‘संशयास्पद वर्तन’ असा मोघम शब्द त्यात आला तर हरकत घ्यावी. चित्रीकरण किती दिवस ठेवणार, कोण पाहणार आणि विटंबनेच्या तक्रारीनंतर ते पुसले जाणार नाही याची जबाबदारी कोणाची, हेही निवेदनातच लिहावे.

आणि जिथे यंत्राची खरी गरज आहे तिथे ते नाही, ही गोष्ट जोरात मांडावी. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, रात्री दिसणारे आणि आवाजही टिपणारे कॅमेरे बसवायला सांगितले. चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर ठेवायचे. पाच वर्षे होत आली तरी कॅमेरे बंदच असतात, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कॅमेरा बंद पडला की माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय लगेच खूण मिळेल असा नियंत्रण कक्ष असावा, असा विचार न्यायमूर्तींनी त्या सुनावणीत बोलून दाखवला. डीप लर्निंगचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही. चौकातल्या पोरांच्या हालचाली मोजायला पैसा आहे, तर कोठडीतला कॅमेरा झाकला गेला, किंवा आतला माणूस तासभर हललाच नाही, हे कळवणारे यंत्र बसवायला काय हरकत आहे? ते चित्रीकरण मात्र चोवीस तास अखंड हवे. ‘हालचाल असेल तेव्हाच’ ही सेटिंग तिथे चालणार नाही.

शेवटी पुराव्याबद्दल, कारण कार्यकर्ते इथेच हरतात. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि चित्रीकरणाचे प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार नव्हते. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण पक्षकाराने ते मिळवण्याचा सगळा प्रयत्न करूनही मिळाले नाही, तर त्याचा बळी जाऊ नये. न्यायालय ते मागवू शकते. आता हाच नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रावर फाइलचा ‘हॅश’ क्रमांक लिहावा लागतो, म्हणजे नंतर फाइलमध्ये एका फ्रेमचाही बदल झाला तरी कळते. म्हणून घटना घडली की त्याच दिवशी पोलीस ठाणे, महापालिका आणि जवळच्या दुकानदारांना लेखी अर्ज द्यायचा: कॅमेऱ्याची जागा, तारीख, वेळ, मूळ चित्रीकरण जपून ठेवावे, कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह प्रत मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. डीव्हीआर जुन्या नोंदीवर नवी नोंद चढवतो, अनेक ठिकाणी दोन-चार आठवड्यांतच, त्यामुळे आठवडाभर थांबून शिष्टमंडळ नेणे परवडणारे नाही. नकार मिळाला तर तोही लेखी घ्यायचा आणि वकिलाच्या फाइलमध्ये लावायचा.